आंदणाच्या गाड्या

बाई,

परवा शाळेतल्या दोन शिक्षिका घरी आल्या होत्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, बोलायला गोड. तुमची मोठी तसबीर करून घेतली आहे म्हणाल्या, शाळेच्या दर्शनी खोलीत लावायची आहे, आणि त्या दिवशी मी दहा मिनिटं बोलावं. "तुमच्याशिवाय बाईंना जवळून पाहिलेलं आता मानवतात कोणी उरलं नाही, आजी." मी बोलणार नाही म्हटलं. त्यांना वाटलं माझे गुडघे दुखतात, तर रिक्षा पाठवतो म्हणाल्या. तसबिरीखाली काय लिहायचं तेही ठरलंय. 'दासींना मुक्त करणारी माउली.' मला राग आला की मी भांडी आपटते, ही खोड तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या कपबशा मी मोरीत अशा टाकल्या की एका बशीची कड उडाली. दासी म्हणजे कोण हे त्या पोरींना ठाऊक नाही. दासी म्हणजे मी, माझी माय आणि माझी धाकटी. तिघींतली एक सुटली. एका पोरीवर माउली होता येतं का, एवढंच मला त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. त्या गेल्यावर वही घेऊन बसले आहे, आणि त्यांना जे सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिते आहे.

आमचं गाव मानवतपासून दोन कोसांवर. गावात देशमुखांची गढी, आणि गढीत माझी माय. ती तिथं लग्न होऊन आली नव्हती, लग्नात आली होती. देशमुखांच्या घरी आईसाहेब नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आंदणात माय आली, नऊ वर्षांची. आंदणाची यादी भर मांडवात वाचून दाखवायची रीत होती. तांब्याचे हंडे, पितळी समया, शिसवी पलंग, दुभती गाय वासरासकट, आणि सगळ्यात शेवटी, एक पोर. गाईचं नाव वाचत. पोरीचं वाचत नसत. माय मला हे सांगायची ते रडत नाही, निवडताना तांदळातला खडा दाखवावा तसं सांगायची. आम्ही दोघी बहिणी गढीच्या मागच्या सोप्यात जन्मलो. बाप कोण हे अख्ख्या गावाला माहीत होतं, कारण देशमुखांचं नाक माझ्या तोंडावर होतं. आणि त्याच देशमुखांच्या लेकीचं लग्न नांदेडच्या पलीकडं ठरलं, तेव्हा तिच्याबरोबर मला द्यायचं ठरलं. बाप एका लेकीच्या लग्नात दुसरी लेक हंड्यांबरोबर देणार होता. हे असं सरळ वाक्य तुम्ही तुमच्या एकाही भाषणात बोलला नाहीत, बाई. तुम्ही 'अनिष्ट चाल' म्हणायचात. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तीच चाल होती, आणि ते माना डोलवायचे.

तुमचं शौर्य मी नाकारत नाही, उगाच कुणी तसं म्हणायला नको. नवऱ्याच्या मारानं तुमचा डावा कान गेला होता. तुम्ही त्याचं घर सोडलंत, मानवतात एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या वखारीत मुलींची शाळा काढलीत, आणि सहीत नवऱ्याचं नाव लिहिणं बंद केलंत. फक्त स्वतःचं नाव आणि पुढं 'शिक्षिका'. निजामाच्या राज्यात, त्या काळात, बाईमाणसानं अशी सही करणं म्हणजे काय हे मला आता कळतं. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी असली की तुम्ही खादीचं लुगडं नेसून बैलगाडीनं गावोगाव फिरायचात. अंमलदाराचा दौरा आला की बायांनी फुकट पाणी भरायचं, गढीवर पाळीनं दळायला जायचं, ते करू नका म्हणायचात. वेठ घेऊ नये असा सरकारचाच हुकूम आहे, म्हणायचात. चार बाया कुठं जमल्या की गढीतून माणूस येऊन उभा राहायचा, म्हणून तुम्ही सभा धुण्यावर भरवायला लागलात. ओढ्यावर, दगडांवर, हातात धुणं घेऊन. धुणाऱ्या बायांपाशी उभं राहायला पुरुष लाजतात हे तुम्हाला बरोबर सुचलं होतं.

त्याच ओढ्यावर तुम्ही अर्ज आणला. आंदणात पोरी देणं थांबवावं म्हणून तहसीलदाराला उर्दूत दरखास्त, आणि पहिलं नाव माझ्या मायचं, पोर तिची म्हणून. अर्जनवीसानं नावांसाठी जागा मोकळी सोडली होती. बाईचं नाव, पुढं नवऱ्याचं नाव, मग अंगठा. सगळ्यांचे अंगठे पाण्यानं सुरकुतलेले, ठसा फिसकटायचा, म्हणून प्रत्येक जण पदराला बोट पुसत होती. आता नवऱ्याचं नाव आमच्याकडची बाई तोंडानं घेत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. हसू सुरू झालं. एकीच्या नवऱ्याचं नाव दुसरीनं सांगायचं, कुणी उखाण्यात घ्यायचं, तुम्हीही हसत होतात, आणि मला अजून आठवतं की तुम्ही फार खूश दिसत होतात. मग मायची पाळी आली. ती गप्प. तुम्ही सगळ्यांना अहोजाहो करायचात, तिलाही. "घ्या की नाव. उखाण्यात घ्या हवं तर. लाजायचं काय त्यात?" माय खाली बघत राहिली. बाकीच्या बायांचं हसू एकेक करून बंद पडलं. तुम्हाला एवढ्यानंही कळलं नाही, तुम्ही पुन्हा म्हणालात, "बरं, हळूच माझ्या कानात सांगा," आणि चांगला कान पुढं केलात. तेव्हा शेजारच्या दगडावरची एक जण म्हणाली, "लिवा की त्या घोडेवाल्याचं. त्यो बिचारा कायला न्हाई म्हनतोय." गढीची घोडी सांभाळणारा तो म्हातारा गडी, एकटा जीव. कागदावर तुमची झरणी, शाईचं पेन, थांबलं. त्या क्षणी तुम्हाला सगळं कळलं, मी तुमच्यासमोरच उभी होते, तुम्ही माझ्या नाकाकडं पाहिलंत. आणि मग तुम्ही घोडेवाल्याचं नाव लिहिलंत. ज्या बाईनं स्वतःच्या सहीतून नवरा काढून टाकला, तिनं माझ्या मायला खोटा नवरा लावून दिला, कारण जागा मोकळी राहिली तर अर्ज परत येईल. ह्याचा राग मला आजही तितकाच येतो. अर्ज परत आला असता तर आला असता.

अर्जाच्या सुनावणीला, पेशीच्या दिवशी काय झालं ते त्या दोन शिक्षिकांना कुणी सांगितलेलं नाही. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही सकाळपासून उन्हात बसलेलो. गढीचा कारभारी आत गेला, त्याच्यामागं तो घोडेवाला. तहसीलदारानं त्याला विचारलं आणि तो जमिनीकडं बघत म्हणाला, "न्हाई सरकार. ही माझी बायको न्हाई. पोर बी माजी न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. तहसीलदारानं कागद बाजूला सारला आणि मायकडं बोट केलं. "तो फिर ये लडकी किसकी?" कचेरीतले कारकून हसले. कारभारीही हसला. माय डोईवरचा पदर धरून उभी, आणि ती तुमच्याकडं बघत होती. तुम्ही कायदा सांगत होतात, हुकूम सांगत होतात, उर्दूत, न अडखळता. मायबद्दल एक शब्द बोलला नाहीत. दरखास्त खोटी म्हणून निकालात निघाली. येताना गाडीत माय तुम्हाला म्हणाली, "बाई, तुमी मला येकलीला इचारलं असतं तर म्या नाव सांगितलं असतं. नवरा न्हाई मला, पर पोरींचा बाप हाय. त्येचं नाव घ्यायला मला कसली लाज. लाजायचं तर त्येनं." तुम्ही म्हणालात, ते नाव कागदावर आलं असतं तर त्यांनी अर्जच फाडला असता. माय म्हणाली, "मग आता काय येगळं केलं?" बैल आपले चालत होते.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा मायनं मला तुमच्या घरी आणून सोडलं. मला तिनं निवडलं, कारण मोठी होते, कामाची होते, मलाच नेणार हे उघड होतं. धाकटी सात वर्षांची, बोटाएवढी, तिला नेऊन काय करतील असं मायला वाटलं. तिथं ती चुकली. यादीत 'एक पोर' लिहिलेलं होतं, कोणती ते लिहिलेलं नव्हतं. मी तुमच्या स्वयंपाकघरात आठ दिवस काढले. तुमची ती चूल, खिडकीशेजारची परात, भिंतीवर खडूनं काढलेली मुळाक्षरं. भाकरी थापता थापता तुम्ही मला ती म्हणायला लावायचात. मला तुमचं घर फार आवडलं होतं. पोटभर खायला मिळत होतं आणि कुणी हाक मारून उठवत नव्हतं.

लग्नानंतर गढीच्या गाड्या मानवतातून स्टेशनाकडं निघाल्या त्या तुमच्या खिडकीखालून. दुपारची वेळ. पुढं वाजंत्री, मग नवरीची गाडी, मग पलंग, हंडे, मागं गाय बांधलेली, आणि शेवटची पडदा लावलेली गाडी. त्या पडद्याच्या फटीतून धाकटीनं बाहेर पाहिलं. तिनं मला पाहिलं. "अक्का," अशी हाक मारली. आणि तुम्ही मागून येऊन माझ्या तोंडावर हात ठेवलात. गाडी वळणावरून गेली तरी काढला नाहीत. एवढ्या कष्टानं वाचवलेली एक पोर, ती ओरडली असती तर कारभाऱ्यानं तिलाही ओढून नेलं असतं. घरी सगळ्यांना हे माहीत आहे. माझ्या मुलाला, सुनेला, नातींना. तुमचं नाव निघालं की नाती म्हणतात, त्या तोंड दाबणाऱ्या बाई ना.

तुम्ही हे वाचलं असतंत तर इथं थांबला असतात, चष्मा काढला असतात. थांबा अजून. माझा राग संपलेला नाही.

त्यानंतर तुम्ही मला सभांना घेऊन जायला लागलात. "ही मुलगी बघा," म्हणायचात, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "हिला आंदणात देणार होते. आज ही चौथीत पहिली आली." लोक टाळ्या वाजवायचे. एकदा कुणीतरी मला झेंडूचा हार घातला, तो मानेला टोचत होता. मी त्या व्यासपीठावर उभी राहून दर वेळी मोजायचे, धाकटीला जाऊन किती महिने झाले ते. तुम्ही तिचं नाव कधी काढलं नाहीत, ना तिथं, ना घरी. आणि पुढल्या लग्नसराईत तुम्ही स्टेशनाच्या वाटेवर बायका घेऊन बसायला लागलात. हीच तुमची मोठी चळवळ, तसबिरीवाल्या त्याचंच कौतुक सांगत होत्या. वऱ्हाडाची गाडी आली की बाया आडव्या पडायच्या आणि तुम्ही स्वतः जाऊन शेवटच्या गाडीपर्यंत एकेक पडदा उचलून आत बघायचात. कुणाच्या शिव्या खाल्ल्यात, एकदा चाबूक खाल्लात. शिक्षिका म्हणाल्या, "बाईंचा कुणावर विश्वासच नसायचा म्हणे, गाडीवान कितीही म्हणाला आत कोणी नाही तरी स्वतः बघायच्या." पाच पोरी अशा उतरवल्यात तुम्ही. मी त्या वाटेवर एकदाही आले नाही. डोकं दुखतं म्हणायचे. तुम्ही कधी आग्रह केला नाहीत.

निजामाचं राज्य गेलं त्यानंतर मी धाकटीला शोधायला नांदेडच्या पलीकडं गेले. मी तेव्हा शिक्षिका झाले होते. तुम्ही तिच्यासाठी एक हिरवं लुगडं दिलं होतंत, इरकली, स्वतः जाऊन निवडलेलं. ती मला विहिरीवर भेटली. दोन लेकरं, कंबरेवर घागर, हसणं तेच. "चल माझ्याबरोबर," म्हटलं. "आता कुठं येऊ अक्का. माजा मानूस हितं हाय, लेकरं हितं हायेत. रागावली न्हाई मी." मग तिनं घागर खाली ठेवली. "येक इचारू? म्या तुला पाह्यलं व्हतं. तू खिडकीत व्हतीस. म्या हाक मारली. तू कामून बोलली न्हाईस?" मी म्हटलं, "बाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता." ती म्हणाली, "मंग तुजा काय विलाज." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. लुगडं मात्र परत दिलं. त्या बाईचं काही मला नको म्हणाली. मी ते तुम्हाला आणून दिलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "रागावली आहे का माझ्यावर?" मी हो म्हटलं. तुम्ही लुगडं घडी करून पेटीत ठेवलंत. का रागावली, ते विचारलं नाहीत. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हा मी दोनदाच आले, दारातूनच विचारपूस करून गेले, कारण घरी सगळ्यांना मी ती हाताची गोष्ट सांगून बसले होते आणि तुमच्या उशाशी बसले असते तर ती टिकली नसती.

बाई, तुमचा हात माझ्या तोंडावर नव्हता. तुमचे दोन्ही हात पिठात होते. तुम्ही परातीपाशी होतात, पाठमोऱ्या, डावा कान खिडकीकडं, आणि बाहेर वाजंत्री वाजत होती, त्यामुळं धाकटीची हाक तुम्हाला ऐकूच आली नाही. गाड्यांच्या घुंगरांचा आवाज तेवढा आला. तुम्ही मान न वळवता विचारलंत, "गढीच्या गाड्या दिसतात. बघ गं, आपल्यापैकी कोणी आहे का त्यात? असेल तर सांग, मी आडवी पडते." शेवटच्या गाडीतून धाकटी माझ्याकडं बघत होती. तुम्ही खरंच पडला असतात, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. गाड्या थांबल्या असत्या, धाकटी उतरली असती, आणि यादीत एक पोर तर हवीच होती. मी म्हणाले, "कोणी नाही, बाई."

तीन दिवसांनी माय पायी चालत आली आणि धाकटीला नेल्याचं सांगून उंबऱ्यावर बसली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मायसमोर, माझ्यासमोर, एक शब्द बोलला नाहीत. माझ्या ताटात भाकरी वाढलीत, वर तेल घातलंत. त्यानंतर आयुष्यात कधी तुम्ही कुणाला विचारलं नाहीत की गाडीत कोणी आहे का. प्रत्येक पडदा स्वतः उचललात. एक थोबाडीत मारायला हवी होती तुम्ही मला, बाई, त्याच दिवशी, मायच्या देखत. ती मारली नाहीत ह्याचा राग मला बाकी सगळ्या रागांपेक्षा जास्त आहे.

उद्या त्या दोघी पुन्हा येणार आहेत. गुडघे दुखतात म्हणून सांगेन.